'लोकसहभाग' नावाचा कॉलम

गेल्या महिन्यात एका ज्युनियर मैत्रिणीने तिचा सिनॉप्सिस वाचायला दिला. विषय: पाणलोट विकासातला लोकसहभाग. साहित्याचा आढावा नीट होता, गावांची निवडही विचार करून केलेली होती. 'लोकसहभाग' या चलाखाली तिने चार निर्देशक घेतले होते: ग्रामसभेतली उपस्थिती, श्रमदानाचे दिवस, लोकवर्गणीची टक्केवारी आणि पाणलोट समितीतल्या महिलांची संख्या. चारही आकडे सहज मिळणारे. ग्रामपंचायतीत प्रोसिडिंग असतं, संस्थेकडे हजेरीपत्रक असतं, बँकेत वर्गणीचं खातं असतं. मी तिला म्हटलं की माझ्याही पहिल्या मसुद्यात हेच चार होते. ते का टाकून दिले हे सांगता सांगता जे बोलणं झालं, ते इथे लिहून काढतोय. या विषयाकडे वळणारे बरेच जण आहेत आणि बहुतेक सिनॉप्सिसमध्ये हेच चार भेटतात.

माझ्या पायलटमध्ये डोंगराच्या पायथ्याच्या एका वस्तीवर एक भूमिहीन बाई भेटल्या. प्रश्नावलीतला प्रश्न होता, "श्रमदान किती दिवस केलंत?" त्या म्हणाल्या, "कुठलं बाळा? हजेरीवर लागलं ते, का पगारातनं कापलं ते?" माझ्याकडे या उत्तरासाठी रकानाच नव्हता. नंतर समजलं ते असं. डोंगरावर सलग समतल चर खोदायचं काम मजुरीवर झालं होतं आणि प्रत्येकाच्या मजुरीतून ठरावीक रक्कम 'लोकवर्गणी' म्हणून वळती केली होती. कागदावर गावाची वर्गणी पूर्ण. मी ती आकडेवारी 'उच्च सहभाग' म्हणून टिपून आधीच मोकळा झालो होतो.

यात गोम अशी आहे की वर्गणीमागचा मूळ विचार वाईट नाही. 1994 च्या हनुमंत राव समितीनंतर 1 एप्रिल 1995 पासून जी मार्गदर्शक तत्त्वं लागू झाली, त्यात उपभोक्ता गट, बचत गट, पाणलोट संघ, पाणलोट समिती अशी उतरंड आली. ज्याला कामाचा लाभ, त्याने खर्चाचा काही हिस्सा द्यायचा आणि तो पाणलोट विकास निधीत जमा होऊन पुढे देखभालीला लागायचा, असा हिशेब होता. पैसे घातलेला माणूस बांध फुटू देणार नाही, हे बरोबरच आहे. पण बांध ज्याच्या शेतावर पडला त्याच्याऐवजी बांध घालणाऱ्याच्या मजुरीतून तो हिस्सा निघाला, तर देणारा एक आणि लाभ घेणारा दुसरा. टक्केवारी मात्र दोन्हीकडे तीच दिसते.

इथे आपल्याला समाजशास्त्राआधी थोडा भूगोल लागतो. पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं, हे आता शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. माथ्यावर चर आणि झाडं, मध्ये दगडी बांध नि गॅबियन, खाली माती नाला बांध आणि सिमेंट बंधारे. आता त्याच नकाशावर माणसं बसवून बघा. माथ्यावर बहुतेक वेळा गायरान किंवा वनजमीन असते. तिथे शेळ्या चारणारे, सरपण आणणाऱ्या बाया, धनगर. पायथ्याला काळी जमीन आणि विहिरी. म्हणजे चराईबंदी लागते ती वर, आणि पाझरलेलं पाणी निघतं ते खाली. वरच्याने आज शेळी विकायची आणि खालच्याच्या विहिरीला दोन-तीन वर्षांनी पाणी वाढणार. ग्रामसभेत दोघांनीही हात वर केला असेल, तर आपल्या एक्सेल शीटमध्ये दोघांचाही सहभाग '1'.

त्यात कायद्याची भर. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत अशी, की जमिनीखालचं पाणी जमीनमालकाने उपसावं. सगळ्या गावाने मिळून जिरवलेलं पाणी जमिनीत मुरलं की ते विहिरवाल्याचं होतं. महाराष्ट्राचा 2009 चा भूजल अधिनियम 2014 मध्ये अमलात आला. त्यात पाणलोट क्षेत्राच्या पातळीवरच्या समित्या आहेत, अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंदी आहे. पण मी फिरलेल्या गावांत या कायद्याचं नाव काढलं तर लोक चहा मागवतात आणि विषय बदलतात.

हे सगळं कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. जॉन केर आणि गणेश व वसुधा पांगारे यांचा 2002 चा अभ्यास जरूर वाचा. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातली मिळून 86 गावं त्यांनी घेतली. कृषी खात्याची कामं, स्वयंसेवी संस्थांची कामं, इंडो-जर्मन कार्यक्रमासारखी संयुक्त कामं आणि काहीच काम न झालेली गावं अशी तुलना केली. निष्कर्ष साधारण अपेक्षित: जिथे लोकांना बरोबर घेतलं तिथे कामं बरी टिकली. हेच एक वाक्य सगळे उचलतात. पण त्याच अभ्यासात पुढे येतं की या चांगल्या ठरलेल्या प्रकल्पांतही भूमिहीन आणि पशुपालक यांच्या पदरी चराईबंदीचा तोटा आला, आणि काहींनी तसं बोलूनही दाखवलं. सहभागाचे गुण जास्त आणि गरिबांची तक्रारही तिथेच. हा विरोधाभास पकडून पुढे जाणारे प्रबंध फार थोडे.

या अभ्यासाची कमजोर बाजूही आहे आणि लेखक ती लपवत नाहीत. प्रकल्पाआधीची मोजमापं जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे बरंचसं आठवणींवर आणि प्रत्यक्ष पाहणीवर अवलंबून. शिवाय संस्थांनी गावं निवडतानाच एकी असलेली, व्यसनमुक्तीला तयार असलेली गावं निवडलेली असतात. मग चांगला परिणाम सहभागामुळे, की मुळात तसं गाव निवडल्यामुळे? तुमच्या सिनॉप्सिसमध्ये या प्रश्नाला एक तरी परिच्छेद हवा. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

सुखोमाजरीचं उदाहरण मला इथे फार उपयोगी वाटतं. चंदीगडजवळचं हे छोटं गाव. सुखना तलावात गाळ साचत होता म्हणून 1970 च्या दशकात वरच्या शिवालिक टेकड्यांवर मृदसंधारण सुरू झालं. पी. आर. मिश्रा हे त्यातलं महत्त्वाचं नाव. टेकडीवर चराई थांबवा, हे गावकऱ्यांना सांगून झालं, पण गुरं काही थांबेनात. मातीचं धरण झालं तेव्हा पहिल्यांदा पाणी मोजक्याच शेतकऱ्यांना मिळालं. मग जमीन असो वा नसो, प्रत्येक घराला पाण्यात समान वाटा ठरला. त्यानंतर टेकडीवर गुरं न सोडणं सगळ्यांच्याच फायद्याचं झालं. ते गाव पुढेही तसंच राहिलं असा माझा दावा नाही. पण इथे सहभाग वाढला तो वाटणी बदलल्यावर. आपण मात्र सहभाग आधी मोजतो आणि वाटणी 'परिणाम' या प्रकरणात शेवटी घालतो.

आपल्याकडे हाच धागा विलासराव साळुंखेंनी त्याहून कडक धरला होता. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला सुरू झालेल्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरत असे. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. ऊस नाही. पाणी पंचायतीच्या योजना मुख्यतः उपशाच्या होत्या, तेव्हा तिला सरसकट पाणलोट विकासात बसवू नका, परीक्षक पकडतील. पण पाणी कुणाचं हा प्रश्न तिथे पाइप टाकायच्या आधी विचारला गेला, एवढं नक्की.

हिवरे बाजार वेगळ्या वाटेने जातं. तिथे पाण्याचे समान वाटे नाहीत, पण उपशावर गावाचा लगाम आहे: शेतीला बोअरवेल नाही, ऊस-केळी नाही, आणि पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची. काम संपल्यावरच्या पाण्याचं नियोजन म्हणजे काय, हे दाखवणारी जी थोडी गावं आहेत त्यात ते आहे. पण पोपटराव पवार 1989 ला सरपंच झाले आणि पुढची कित्येक वर्षं तोच चेहरा राहिला. राळेगणसिद्धीबद्दल मुकुल शर्मा यांनी 2006 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त नैतिक अधिकाराविषयी जो प्रश्न उभा केला, तो इथेही विचारायला हवा. गाव नियम पाळतंय ते ठरवण्यात वाटा होता म्हणून, की सांगणाऱ्याचा शब्द मोडवत नाही म्हणून? प्रोसिडिंगमध्ये दोन्हींची नोंद 'सर्वानुमते' एवढीच असते.

सगळ्यात अस्वस्थ करणारं वाचन मात्र डेव्हिड मोस यांचं. गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश जिथे भेटतात त्या भिल्ल पट्ट्यातल्या, ब्रिटिश मदतीने चाललेल्या शेती प्रकल्पात ते स्वतः सल्लागार होते. 2005 च्या पुस्तकात आणि त्याआधीच्या लेखांत ते म्हणतात की रांगोळीने काढलेल्या गावनकाशातून, शिवारफेरीतून जी 'लोकांची गरज' पुढे येते ती बऱ्याचदा प्रकल्पाकडे काय आहे हे ओळखून मागितलेली असते. लोक हुशार असतात. ज्याच्याकडे बांध आहेत त्याच्याकडे कुणी दवाखाना मागत नाही. शिवाय ही बैठक सार्वजनिक असते, म्हणजे तिथे बायका, कर्जदार, धाकटे भाऊ किती बोलणार?

मोस यांच्याशी माझं एका जागी जमत नाही. प्रकल्पाची भाषा आणि कागद कसे तयार होतात हे ते अफाट बारकाईने दाखवतात, पण पाणी शेवटी कुणाच्या शेतात गेलं हे त्या चर्चेत मागे पडतं. आपले काही संशोधक इथून फक्त 'सहभाग हे नाटक असतं' एवढंच घेऊन येतात. नाटक असेल, पण त्या नाटकात काहींच्या विहिरी भरल्या आणि काहींच्या शेळ्या गेल्या. हे मोजता येतं. शेरी आर्नस्टिनची 1969 ची आठ पायऱ्यांची शिडी उद्धृत करतानाही हे लक्षात ठेवा. ती अमेरिकन शहरांच्या नियोजनावर बेतलेली आहे, आणि 'वंचित' हा एकसंध गट नाही हे तिने त्याच लेखात कबूल केलं आहे. आपण शिडीचं चित्र घेतो, कबुली सोडून देतो.

मग मैत्रिणीच्या चार निर्देशकांचं काय केलं? काढले नाहीत, फोडले. वर्गणीच्या रकान्याशेजारी 'कुणाच्या खिशातून' असा रकाना आला. त्यासाठी मजुरीचं हजेरीपत्रक आणि निधीची पावती एकमेकांशी ताडून बघायची. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन दिवस जातात. उपस्थितीऐवजी तिने तीन ठराव निवडले: गायरान बंद करण्याचा, पहिल्या बंधाऱ्याच्या जागेचा आणि पुढच्या उन्हाळ्यात उपसा कधी थांबवायचा त्याचा. प्रत्येक ठरावाबद्दल एवढंच विचारायचं: सूचना कुणी मांडली, विरोध कुणी केला, आणि शेवटी कोणाच्या सोयीने झालं. तिसरा ठराव बहुतेक गावांत सापडणारच नाही. नसेल तर रकाना कोरा सोडायचा आणि तो कोरा का राहिला यावर प्रकरण लिहायचं.

माझ्या पायलटमधल्या त्या बाईंना मी पुन्हा भेटलो तेव्हा विचारलं, गायरान बंद करायची बैठक झाली त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? "बैठकीतच होते की," त्या म्हणाल्या, "अंगठा हाय माझा. वाचून बघ."