ऐकीव साक्ष

इन्स्पेक्टरच्या इंग्रजी गुन्हेकथा म्हणजे आगगाडींतील वेळ घालविण्याचें साधन, अशी समजूत मींही पुष्कळ वर्षें बाळगली होती. जोसेफीन टे या लेखिकेच्या 'द डॉटर ऑफ टाइम' (१९५१) या कादंबरीनें ती सोडावयास लावली.

स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ॲलन ग्रँट पाय मोडून रुग्णालयांत पडला आहे. तिसऱ्या रिचर्ड राजाचें चित्र पाहून हा मनुष्य खुनी नसावा असें त्यास वाटतें, आणि त्याच्या दोन अल्पवयी पुतण्यांच्या हत्येचा तपास तो पलंगावरूनच आरंभितो. साक्षीदार सारे मृत. साधन केवळ ग्रंथ. टॉमस मोरनें रिचर्डचा वृत्तान्त लिहिला खरा. पण १४८५ सालीं राजा रणांत पडला तेव्हां मोर निव्वळ बालक होता! ऐकीव साक्ष न्यायालयांत टिकत नाहीं, मग इतिहासांत कां टिकावी? ग्रँटचा हा प्रश्न बिनतोड आहे. बखरी पाठ करून परीक्षा दिलेल्या आम्हां लोकांस तो विशेष झोंबतो.

परंतु ग्रँट स्वतः तरी हा नियम पाळतो काय? ज्या चित्रावर त्याचा भरवसा, तें सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील प्रत आहे. म्हणजे तीही ऐकीव साक्षच! शिवाय २०१२ सालीं लेस्टर येथें सांपडलेल्या रिचर्डच्या अस्थींवरून त्याचा कणा वांकडा असल्याचें दिसून आलें. एक खांदा उंच असल्याचें मोरचें वर्णन अगदींच निराधार नव्हतें.

निकाल मान्य होवो वा न होवो, "हें कोणीं पाहिलें?" असें विचारण्याची संवय ही कादंबरी लावते. घरांतील मुलांच्या हातीं ती अवश्य द्यावी.