घड्याळ कुठून सुरू केलं? फेनिटॉइनच्या चार ट्रायल्स वाचताना

गेल्या वर्षी आमच्या विभागाच्या जर्नल क्लबमध्ये मी एक पेपर मांडला. शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'तिन्ही औषधं सारखीच परिणामकारक'. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावर बसलेल्या एका निवासी डॉक्टरांनी तेवढा हात वर केला. "सारखीच म्हणजे काय? रात्री दोन वाजता फिट थांबत नसलेला पेशंट आला, तर कपाटातून कुठली बाटली काढू? आणि काढली तर सिस्टरना ती किती मिनिटांत सोडायला सांगू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेपरचा सारांश मला पाठ होता, पेपर मी वाचलाच नव्हता. त्या फजितीनंतर तो पेपर आणि त्याच्या आसपासचे आणखी तीन पेपर नीट वाचले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. तुमच्यापैकी बरेच जण पेटची किंवा संशोधन प्रस्तावाची तयारी करताय. 'साहित्याचा आढावा' या नावाखाली आपण सारांशांची माळ ओवतो. ती सवय मोडायला हे उदाहरण चांगलं आहे.

(आधीच सांगतो, मी औषधशास्त्राचा विद्यार्थी आहे, डॉक्टर नाही. घरात कुणाची फिटची गोळी चालू असेल तर हे वाचून ती बंद करू नका. फेनिटॉइन अचानक थांबवलं तर त्यानेच न थांबणारी फिट येऊ शकते.)

आधी थोडी पार्श्वभूमी

बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपल्या आपण थांबतात. कांदा हुंगवला म्हणून थांबली असं आपल्याला वाटतं ते त्यामुळेच. पण पाच मिनिटं उलटूनही झटके चालूच राहिले तर त्याला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात आणि ती खरी आणीबाणी असते. अशा वेळी पहिल्यांदा लोराझेपाम, मिडाझोलाम किंवा डायझेपाम देतात. त्यानेही थांबलं नाही की दुसऱ्या फळीचं औषध लागतं. कित्येक दशकं ही जागा फेनिटॉइनकडे होती.

फेनिटॉइन हे हायडँटॉइन गटातलं औषध. हाइनरिश बिल्ट्झ यांनी ते १९०८ मध्ये तयार केलं, पण ते फिटवर चालतं हे कळायला १९३८ उजाडलं. बोस्टनमध्ये मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांवर विजेचे झटके देऊन एकेक रसायन तपासलं आणि त्यात हे सापडलं. झोप न आणता फिट रोखणारं औषध ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

आता त्याची अडचण. हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून इंजेक्शनमध्ये ते प्रोपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोलमध्ये ठेवतात, आणि त्या द्रावणाचा पीएच १२ च्या आसपास असतो. डेक्स्ट्रोजच्या सलाइनमध्ये मिसळलं तर त्याचा साका बसतो, म्हणून नॉर्मल सलाइनच वापरावं लागतं. शिरेबाहेर गळलं तर हात सुजून जांभळा पडू शकतो. भराभर दिलं तर रक्तदाब कोसळतो, हृदयाची लय बिघडते. म्हणून मोठ्या माणसाला मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने द्यायचं नाही असा नियम आहे.

हा वेगाचा नियम लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख त्याच्यावर उभा आहे.

१९९८ : फेनिटॉइन नापास, पण कुठल्या परीक्षेत?

अमेरिकेतल्या व्हेटरन्स अफेअर्सच्या रुग्णालयांमधली ट्राइमन आणि सहकाऱ्यांची ट्रायल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिलं औषध म्हणून काय द्यावं हा तिचा प्रश्न होता. झटके उघड दिसणाऱ्या रुग्णांमध्ये लोराझेपामला ६४.९ टक्के यश मिळालं, एकट्या फेनिटॉइनला ४३.६ टक्के. तिथून पाठ्यपुस्तकांत ओळ आली की फेनिटॉइन पहिल्या फळीत नको.

आता 'यश' कशाला म्हटलं ते बघा. औषध सोडायला सुरुवात केल्यापासून २० मिनिटांत झटके थांबले पाहिजेत आणि पुढची ४० मिनिटं परत येता कामा नयेत. फेनिटॉइनचा डोस होता किलोला १८ मिलिग्रॅम. कागद-पेन घ्या. ६० किलोच्या माणसाला १०८० मिलिग्रॅम. मिनिटाला जास्तीत जास्त ५० मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण डोस आत जायला जवळजवळ २२ मिनिटं. निकाल लागतो विसाव्या मिनिटाला! पेपर तपासला तेव्हा पोराचं लिहूनच व्हायचं होतं.

म्हणजे ट्रायल चुकीची होती का? नाही, आणि इथेच आपण विद्यार्थी घसरतो. एक दोष सापडला की अख्खा पेपर मोडीत काढतो. आणीबाणीत संथ असणं हा त्या औषधाचाच गुण (किंवा अवगुण) आहे. 'लवकर काय थांबवतं?' या प्रश्नाचं उत्तर या ट्रायलने नीट दिलं. 'शरीरात पूर्ण पोचल्यावर कुठलं औषध जास्त प्रभावी?' हा प्रश्न तिने विचारलाच नव्हता. आपण मात्र पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतो.

२०१९ : दोन ट्रायल्स, दोन घड्याळं

लेव्हेटिरॅसिटॅम आल्यावर चित्र बदललं. ते पाण्यात विरघळतं, पाच मिनिटांत देता येतं आणि हृदयाला फारसा त्रास देत नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लहान मुलांवरच्या दोन ट्रायल्स एकाच वेळी आल्या. दोन्हींत डायझेपामसारखं पहिलं औषध देऊनही न थांबलेल्या फिटसाठी फेनिटॉइन विरुद्ध लेव्हेटिरॅसिटॅम असा सामना होता. फेनिटॉइन २० मिनिटांत आणि लेव्हेटिरॅसिटॅम पाच मिनिटांत, ही पद्धतही साधारण तीच.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या 'कॉनसेप्ट' ट्रायलमध्ये २३३ मुलं होती. औषध संपल्यावर पाच मिनिटांनी झटके थांबलेत का, हे मोजलं. फेनिटॉइन ६० टक्के, लेव्हेटिरॅसिटॅम ५० टक्के. ब्रिटनच्या 'एक्लिप्स'मध्ये २८६ मुलं होती. तिथे कुठलं औषध द्यायचं हे ठरल्या क्षणापासून झटके थांबेपर्यंतचा वेळ मोजला. तिथे उलटं झालं : लेव्हेटिरॅसिटॅमने ७० टक्के मुलांचे झटके थांबले, फेनिटॉइनने ६४ टक्के. मधला वेळ ३५ मिनिटं विरुद्ध ४५ मिनिटं. दोन्हीकडचे फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरले नाहीत.

आकडे उलटे का, याचं एक कारण पुन्हा घड्याळात आहे. कॉनसेप्टमध्ये फेनिटॉइनच्या मुलाची तपासणी औषध सुरू झाल्यापासून पंचविसाव्या मिनिटाला होते, लेव्हेटिरॅसिटॅमच्या मुलाची दहाव्या मिनिटाला. एका औषधाला १५ मिनिटं जास्त मिळाली. १९९८ मध्ये फेनिटॉइनला वेळ कमी पडला होता, इथे तो जास्त मिळाला. एक्लिप्सचं घड्याळ मला जास्त प्रामाणिक वाटतं, कारण बाटली शोधणं, औषध भरणं, शीर सापडणं, ते सोडणं हे सगळं त्यात येतं. आणि आईबापांचं घड्याळही तेच असतं. अर्थात दोन्ही ट्रायल्समध्ये कोणतं औषध चाललंय हे डॉक्टरांना दिसत होतं. 'झटका थांबला' हे डोळ्यांनी ठरवायचं असेल तेव्हा ही उणीव छोटी नाही.

कॉनसेप्टचा आणखी एक आकडा पाठ करून ठेवा. दोन औषधांतला फरक लेव्हेटिरॅसिटॅमच्या विरोधात ९.२ टक्के, आणि त्याचा विश्वास-अंतराल उणे २१.९ पासून अधिक ३.५ पर्यंत. म्हणजे लेव्हेटिरॅसिटॅम थोडं सरस असू शकतं किंवा बरंच मागे असू शकतं, दोन्ही शक्यता या माहितीत बसतात. 'फरक सिद्ध झाला नाही' याचं मराठी भाषांतर 'सारखंच आहे' असं होत नाही. माझ्या स्लाइडवर मी नेमकं तेच केलं होतं.

ती स्लाइड : एसेट

मी मांडलेला पेपर 'एसेट' ट्रायलचा होता. अमेरिकेत झाली, २०१९ मध्येच 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आली. लेव्हेटिरॅसिटॅम, फॉसफेनिटॉइन आणि व्हॅलप्रोएट. घड्याळ सगळ्यांना एकच : औषध दहा मिनिटांत सोडायचं, निकाल सुरुवातीपासून साठाव्या मिनिटाला. कुठलं औषध चालू आहे हे ना डॉक्टरांना ठाऊक, ना सिस्टरना. रचना म्हणून चारही ट्रायल्समध्ये मला हीच सगळ्यात आवडते. निकाल असा : १४५ पैकी ६८, ११८ पैकी ५३ आणि १२१ पैकी ५६. टक्क्यांत ४७, ४५ आणि ४६.

आकडे इतके जवळ असल्यावर 'सारखीच' म्हणायला हरकत काय? इथे बऱ्याच अंशी म्हणता येईल, पण तीन गोष्टी सोबत सांगायला हव्यात.

पहिली, हे फॉसफेनिटॉइन आहे, फेनिटॉइन नाही. फॉसफेनिटॉइन पाण्यात विरघळतं आणि शरीरात गेल्यावर त्याचं फेनिटॉइन होतं. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल नाही, म्हणून शिरेला इजा कमी आणि वेग तिप्पट, मिनिटाला १५० मिलिग्रॅमपर्यंत. दहा मिनिटांत देणं जमलं ते त्यामुळे. ते महाग आहे. कपाटात साधं फेनिटॉइनच असेल तर एसेटचा आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही. ते दहा मिनिटांत सोडायला गेलात तर पेशंटच्या जिवाशी खेळ होईल. त्या डॉक्टरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं आणि ते माझ्या स्लाइडवर कुठेच नव्हतं.

दुसरी, या ट्रायलमधल्या साधारण दहा टक्के रुग्णांना नंतर मानसिक कारणाचे झटके असल्याचं निदान झालं. ज्याला अपस्माराची फिटच नाही, त्याच्यावर तिन्ही औषधं सारखीच निरुपयोगी. असे रुग्ण मिसळले की खरा फरक असलाच तर तोही पुसट होतो.

तिसरी, सुरक्षितता. जिवावर बेतेल इतका रक्तदाब कोसळला तो फॉसफेनिटॉइनच्या गटात ३.२ टक्के वेळा, लेव्हेटिरॅसिटॅमच्या गटात ०.७ टक्के. टक्के ऐकून दचकायला होतं. माणसं मोजा : १२५ पैकी चार आणि १५० पैकी एक. श्वासनलिकेत नळी घालावी लागली ती २६.४ टक्के विरुद्ध २० टक्के. मृत्यू मात्र लेव्हेटिरॅसिटॅमच्या गटात जास्त, सात विरुद्ध तीन. यातलं काहीच ठामपणे 'औषधामुळे' म्हणता येत नाही, आणि 'फरक नाही' असंही म्हणता येत नाही. एक साधा नियम वहीत लिहून ठेवा : एखादा धोका 'न' रुग्णांत एकदाही दिसला नाही, तरी तो ३ भागिले 'न' इतका असू शकतो. १२५ रुग्णांत शून्य म्हणजे अजून २.४ टक्क्यांपर्यंत शक्यता शिल्लक.

साठाव्या मिनिटानंतर

माझा मामा गेली वीस वर्षं फेनिटॉइनची गोळी घेतो. हिरड्या सुजल्या, दंतवैद्याकडे फेऱ्या झाल्या. एकदा डोस थोडासा वाढवला तर चार दिवसांनी चालताना तोल जायला लागला. यातलं काही एसेटमध्ये सापडणार नाही, कारण त्या घड्याळाचा पल्ला तेवढा नाही.

तोल का गेला? यकृतातलं हे औषध मोडणारं एन्झाइम लवकर भरून जातं. त्यापुढे डोस थोडा वाढवला तरी रक्तातली पातळी भसकन वर जाते. अपेक्षित पातळी मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम, म्हणजे चालायला वाट अरुंद. त्यात साधारण ९० टक्के औषध अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. कुपोषित माणसात अल्ब्युमिन कमी, मग रिपोर्टवर पातळी 'नॉर्मल' आणि माणूस मात्र डोलतोय.

आणखी एक प्रसंग. ऑस्ट्रेलियात १९६८ च्या सुमारास फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधलं भरणद्रव्य बदललं, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं. औषध तेवढंच, मिलिग्रॅम तेवढेच. पण शोषण वाढलं आणि नेहमीच्या डोसवर असलेल्या रुग्णांमध्ये विषबाधेची लक्षणं दिसू लागली. ट्रायलमधून हे कळलं नसतं. रुग्णांकडे नीट बघणाऱ्या डॉक्टरांमुळे कळलं.

मग स्लाइडवर काय लिहायला हवं होतं?

आता लिहिलं असतं ते असं : 'तिन्ही औषधांनी तासाभरात निम्म्याहून कमी रुग्णांना उपयोग झाला. एकमेकांपेक्षा सरस कुणीच ठरलं नाही.' माझ्या मते खरी बातमी पहिल्या वाक्यात आहे. आपण कोण जिंकलं ते शोधत बसतो आणि तिघांचेही गुण पन्नासच्या खाली आहेत हे नजरेतून निसटतं. परिणामात फरक नसेल तर निवड करायची ती कुठलं औषध हाताशी आहे, ते किती वेगाने देता येतं आणि समोरच्या पेशंटला कशाचा धोका आहे यावर. हृदयविकाराच्या पेशंटमध्ये फेनिटॉइन मागे ठेवायचं, गरोदर बाईमध्ये व्हॅलप्रोएट. 'सारखीच' या शब्दात हे सगळं गडप होतं.

तुमच्या विषयातला कुठलाही तुलनेचा पेपर हातात घ्या. निष्कर्षाकडे जायच्या आधी पद्धतीच्या विभागात घड्याळ शोधा : कुठून सुरू केलं, कुठे थांबवलं, दोघांना सारखा वेळ मिळाला का. मग प्रत्येक टक्क्यामागे माणसं किती ते पेन्सिलीने लिहा. अर्धा तास लागतो. मी तो वाचवला होता म्हणून मागच्या बाकावरच्या प्रश्नापुढे गप्प उभं राहावं लागलं.

ते डॉक्टर नंतर जिन्यात भेटले. सुधारलेली स्लाइड दाखवली. त्यांनी वाचली आणि म्हणाले, "हं. आता बाटलीवर किती मिनिटं लिहायची ते तरी कळलं."