खुल्या मानकांची घडण आणि प्रोग्रॅमरांचे वापरकर्ता-गट : जावा भाषेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

माणूस जी भाषा बोलतो ती कोणा एकाच्या मालकीची नसते. तिचे व्याकरण वैयाकरण लिहितात, पण ते घडते बोलणाऱ्यांच्या तोंडी. संगणकाच्या प्रोग्रॅमिंग भाषेचे तसे नाही. तिला जन्मदाता असतो, जन्मतारीख असते आणि पुष्कळदा मालकही असतो. जावा ही भाषा जेम्स गॉसलिंग यांच्या नेतृत्वाखाली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत घडली व १९९५ साली जाहीर झाली. ती वापरणारे मात्र जगभर पसरले. भाषा एकाची आणि ती राबविणारे हात असंख्यांचे, या स्थितीत तिचे नियम कोणी ठरवावेत, हा प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहिला.

या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे प्रोग्रॅमरांचे वापरकर्ता-गट. एखाद्या शहरातील वा देशातील प्रोग्रॅमर नोकरीच्या वेळेबाहेर एकत्र येतात, भाषेची चर्चा करतात, एकमेकांना शिकवितात, असे या गटांचे मूळ स्वरूप होय. पुढे यांतील काही गट मानकनिर्मितीच्या प्रक्रियेत शिरले. हा प्रवेश तंत्रज्ञानातील लोकशाहीचा विजय म्हणून बहुधा गौरविला जातो. या गौरवात तथ्य किती व अतिशयोक्ती किती, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

‘खुले’ या विशेषणाचे तीन अर्थ

‘खुले मानक’ या शब्दप्रयोगातील विशेषण फसवे आहे. त्यात किमान तीन निरनिराळे अर्थ दडलेले आहेत. पहिला अर्थ, मानक वाचण्यास खुले : मसुदा कोणालाही पाहता येतो. दुसरा, घडविण्यास खुले : मसुद्यावर बोलता येते, तो बदलता येतो. तिसरा, राबविण्यास खुले : मानकाबरहुकूम स्वतःची अंमलबजावणी तयार करून ती त्याच नावाने, कोणाची विशेष परवानगी न मागता लोकांना देता येते. या तीन अर्थांची सरमिसळ झाली की वाद निष्फळ ठरतो. एक पक्ष पहिल्या अर्थाने ‘खुले आहे’ म्हणतो, दुसरा तिसऱ्या अर्थाने ‘नाही’ म्हणतो, आणि दोघेही खरे असतात. जावाच्या इतिहासाचे पुढील विवेचन याच भेदाच्या आधारे केले आहे.

प्रक्रियेचे स्वरूप व २०१० चा पेच

सन कंपनीने १९९८ साली ‘जावा कम्युनिटी प्रोसेस’ ही व्यवस्था सुरू केली. तिच्यात भाषेतील वा तिच्या ग्रंथालयांतील प्रत्येक मोठ्या बदलासाठी ‘जावा स्पेसिफिकेशन रिक्वेस्ट’, म्हणजेच जे.एस.आर., मांडावी लागते. तज्ज्ञगट मसुदा तयार करतो, मसुदा जाहीर परीक्षणासाठी ठेवला जातो आणि कार्यकारी समिती त्यावर मतदान करते. शेवटी तीन गोष्टी हाती येतात : लिखित मानक, त्याची नमुनादाखल अंमलबजावणी आणि इतरांची अंमलबजावणी मानकाशी जुळते की नाही हे तपासणारा कसोटी-संच. यांतील कसोटी-संच वरकरणी दुय्यम वाटतो, पण सत्तेची किल्ली त्याच्यातच आहे.

ही किल्ली कोणाच्या हाती आहे, हे अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रकरणात उघड झाले. या संस्थेने २००५ साली ‘हार्मनी’ नावाने जावाची स्वतंत्र अंमलबजावणी हाती घेतली. कसोटी-संचाच्या परवान्यात वापराच्या क्षेत्रावर निर्बंध होते. हे निर्बंध खुल्या मानकाच्या तत्त्वाला छेद देतात, अशी तक्रार तिने एप्रिल २००७ मध्ये सन कंपनीला लिहिलेल्या अनावृत पत्रात केली. तिढा सुटला नाही. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी ताब्यात घेतली. त्याच वर्षी समकालिक प्रोग्रॅमिंगचे अभ्यासक डग ली समितीतून बाहेर पडले. ओरॅकलने सुचविलेल्या होलॉजिक या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीची उमेदवारी सदस्यांनी फेटाळली. डिसेंबरमध्ये जावा ७ च्या मसुद्याला बहुमताने संमती मिळताच अपाचेने समितीचा राजीनामा दिला.

या पार्श्वभूमीवर २०११ साली ‘लंडन जावा कम्युनिटी’ व ब्राझीलमधील ‘सूजावा’ हे दोन वापरकर्ता-गट कार्यकारी समितीत आले. येथे एक बारकावा नजरेआड करता येत नाही. तिसऱ्या अर्थाच्या खुलेपणासाठी भांडणारी संस्था ज्या सुमारास बाहेर पडली, त्याच सुमारास दुसऱ्या अर्थाच्या खुलेपणाचे प्रतिनिधी आत आले. एका दाराशी भांडण मिटलेले नसताना दुसरे दार उघडले, असे या घटनाक्रमाचे वर्णन करावे लागते.

मसुद्याचे वाचन : वापरकर्ता-गटांचे खरे कार्य

दुसरे दार उघडल्यावर काय घडले, हे पाहणे त्यामुळे अधिकच अगत्याचे ठरते. ऑक्टोबर २०११ मध्ये जे.एस.आर. ३४८ अन्वये प्रक्रियेचे नियमच बदलले. तोवर तज्ज्ञगटांना आपला व्यवहार बंद दाराआड करता येत होता. नव्या नियमांनी चर्चा व त्रुटींची नोंद सार्वजनिक ठेवणे बंधनकारक केले. याच काळात लंडन व ब्राझीलच्या गटांच्या पुढाकाराने ‘अडॉप्ट-अ-जेएसआर’ हा उपक्रम उभा राहिला. एखाद्या गटाने एक मसुदा दत्तक घ्यावा, त्यातील तरतुदी वापरून छोटे प्रोग्रॅम लिहून पाहावेत, जिथे अडखळायला होईल तिथे नोंद करावी व ती तज्ज्ञगटाकडे पोहोचवावी, अशी ही साधी कार्यपद्धती होती.

तिचे महत्त्व तारीख व वेळ यांच्या मानकावरून, म्हणजे जे.एस.आर. ३१० वरून, स्पष्ट होते. जावाच्या आरंभीच्या तारीख-वर्गात वर्षाची गणना १९०० पासून आणि महिन्याची शून्यापासून होत असे. एखाद्या विद्यार्थ्याने २०१४, ३, १ असे आकडे भोळेपणाने दिले, तर त्याला १ मार्च २०१४ ऐवजी १ एप्रिल ३९१४ ही तारीख मिळे. शिवाय एकदा निर्माण केलेली तारीख प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागाकडून परस्पर बदलली जाऊ शके. बँकेचे व्याज वा विम्याची मुदत मोजणाऱ्या प्रणालीत असा दोष केवळ गैरसोयीचा राहत नाही. त्याची किंमत पैशांत मोजावी लागते.

या मानकाचे काम २००७ साली सुरू झाले. ‘जोडा-टाइम’ या ग्रंथालयाचे कर्ते स्टीफन कोलबर्न आणि सूजावाशी संबंधित मायकेल नासिमेंतो सांतोस यांनी त्याचे नेतृत्व केले. पुढे ओरॅकलचे रॉजर रिग्ज हेही प्रमुखांत आले. काम रेंगाळले, जावा ७ ची संधी हुकली आणि अखेर मार्च २०१४ मध्ये जावा ८ सोबत ते सिद्धीस गेले. दरम्यान लंडनच्या गटाने या मसुद्यावर प्रत्यक्ष कामाची सत्रे घेतली. ज्यांनी मसुदा लिहिला नव्हता अशा लोकांनी तो हाताळून पाहिला, हे या सत्रांचे मोल होय. लेखकाला आपल्या वाक्यातील संदिग्धता सहसा दिसत नाही. ती परक्या वाचकाला दिसते. पाठ्यपुस्तकाचा मसुदा वर्गात शिकवून पाहिलेल्या शिक्षकाला हा अनुभव नवा नाही. वापरकर्ता-गटांनी मानकनिर्मितीला दिलेले सर्वात टिकाऊ योगदान हेच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नकाराचा अधिकार

मसुदा वाचणे हे एक अंग झाले. मत देणे हे दुसरे. त्याची कसोटी मे २०१७ मध्ये लागली. जावाची रचना स्वतंत्र घटकांत विभागणारे जे.एस.आर. ३७६ कार्यकारी समितीपुढे आले. ओरॅकलच्या नेतृत्वाखालील हा मसुदा १० विरुद्ध १३ मतांनी फेटाळला गेला. रेड हॅट व आय.बी.एम. यांसारख्या बलाढ्य कंपन्या विरोधात होत्याच, पण लंडन जावा कम्युनिटी व सूजावा यांनीही विरोधात मत दिले. तज्ज्ञगटातच एकमत झालेले नाही आणि जुने प्रोग्रॅम नव्या व्यवस्थेत मोडतील, असे दोन प्रमुख आक्षेप होते. निव्वळ अंकगणिताने पाहिले तर या दोन गटांची मते दुसऱ्या बाजूस पडली असती तर निकाल १२ विरुद्ध ११ असा उलटला असता.

पुढील काही आठवड्यांत तज्ज्ञगटाने वादाचे मुद्दे पुन्हा चर्चेस घेतले. जूनमधील फेरमतदानात २४ मते अनुकूल पडली, एकही विरोधी नव्हते. केवळ रेड हॅट तटस्थ राहिली. सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ प्रसिद्ध झाले, तेव्हा जुन्या प्रोग्रॅमना संक्रमणकाळापुरती मोकळीक देणारी तरतूद त्यात होती. यावरून मताच्या अधिकाराचे नेमके स्वरूप ध्यानात येते. तो रचण्याचा नव्हे, तर थांबविण्याचा अधिकार आहे. गटांना मसुद्यात आपले वाक्य घालता येत नाही, पण घाईने लिहिलेले वाक्य रोखून धरता येते. ही शक्ती मर्यादित असली तरी क्षुल्लक नाही.

मर्यादांचा विचार

तथापि या सहभागाची निरपवाद प्रशस्ती करता येत नाही. पहिला प्रश्न प्रतिनिधित्वाचा आहे. सुटीच्या दिवशी महानगरात जमू शकणारा, इंग्रजी मसुदा सहज वाचणारा आणि पोटापाण्याची निश्चिंती असलेला प्रोग्रॅमरच प्रामुख्याने अशा गटात येतो. त्याचा आवाज म्हणजे सर्व वापरकर्त्यांचा आवाज, असे मानणे धाडसाचे ठरेल. प्रवेशाचे नियमही दीर्घकाळ व्यक्तीपेक्षा संस्थेला सोयीचे होते. बौद्धिक संपदेविषयीच्या जड कराराऐवजी सुटसुटीत करारावर व्यक्तींना सहयोगी सदस्य होण्याची आणि वापरकर्ता-गटांना भागीदार सदस्य म्हणून स्वतंत्र वर्गाची सोय जे.एस.आर. ३६४ अन्वये २०१६ मध्ये झाली. म्हणजे प्रक्रिया सुरू झाल्यावर जवळपास १७ वर्षांनी.

दुसरा प्रश्न श्रमाचा आहे. मसुदे तपासणारे हे हात विनावेतन राबतात आणि त्या तपासणीचा लाभ ज्यांचा व्यवसाय त्या मानकावर उभा आहे अशा कंपन्यांना होतो. श्रमदानाचे मोल मान्य करूनही, श्रमदान कोणाच्या शेतावर झाले हे विचारणे आवश्यक असते.

तिसरा व सर्वात गंभीर प्रश्न हक्काचा आहे. एंटरप्राइझ जावाच्या मंदावलेल्या कामाविरुद्ध २०१६ साली ‘जावा ईई गार्डियन्स’ या नावाने प्रोग्रॅमर संघटित झाले. २०१७ मध्ये ओरॅकलने हे तंत्रज्ञान एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविण्याचे जाहीर केले, आणि २०१८ मध्ये सार्वजनिक मतदानाने त्याचे ‘जकार्ता ईई’ असे नामकरण झाले. हा लोकेच्छेचा विजय वाटला. परंतु ‘जावाएक्स’ या नामावलीत पुढे बदल करण्याबाबत ओरॅकल व एक्लिप्स यांच्यात २०१९ मध्ये समझोता होऊ शकला नाही. परिणामी डिसेंबर २०२० मधील जकार्ता ईई ९ मध्ये ती नामावलीच बदलावी लागली आणि नव्या आवृत्तीकडे वळणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममधील संबंधित ओळी बदलणे भाग पडले. भाषेतील शब्द लोकांच्या तोंडी रुळलेला असूनही त्यावरील मालकी दुसऱ्याची असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. येथे कोणत्याही वापरकर्ता-गटाचे मत उपयोगी पडले नाही, कारण हा प्रश्न मतदानाच्या कक्षेतच नव्हता.

२०१८ नंतरचे चित्र

मार्च २०१८ पासून जावाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघू लागली. भाषेतील बदल आता मुख्यतः ओपनजेडीके या मुक्तस्रोत प्रकल्पात आकार घेतात आणि कार्यकारी समिती प्रत्येक आवृत्तीच्या एकत्रित मानकावर मतदान करते. अनेक नवे बदल आधी ‘पूर्वदर्शन’ म्हणून दिले जातात. अनेक ओळींचा मजकूर लिहिण्याची सोय २०१९ मध्ये जावा १३ मध्ये पूर्वदर्शन म्हणून आली, वापरकर्त्यांच्या प्रतिसादानंतर तिच्यात भर पडली आणि २०२० मध्ये जावा १५ मध्ये ती कायम झाली. याउलट ‘स्ट्रिंग टेम्प्लेट्स’ हा बदल २०२३ व २०२४ मध्ये दोन आवृत्त्यांत दाखवून जावा २३ मधून मागे घेण्यात आला. प्रतिसादाचा कालावधी व वाव यामुळे वाढला, हे निःसंशय. परंतु प्रतिसाद ऐकला जाणे आणि प्रतिसादाचा हक्क असणे यांत अंतर आहे. पूर्वदर्शनातील एकेका सोयीवर वापरकर्त्याला मत नसते. तेथे ऐकणाऱ्याच्या सौजन्यावर सारे अवलंबून राहते.

समारोप

उपरोक्त विवेचनातून असे दिसून येते की, वापरकर्ता-गटांनी जावाचे मानक दुसऱ्या अर्थाने निश्चितपणे अधिक खुले केले. मसुद्यांचे वाचन, प्रत्यक्ष वापरातून शोधलेल्या त्रुटी आणि प्रसंगी दिलेला नकार ही त्यांची खरी कामगिरी होय. मात्र कसोटी-संचाचा परवाना, नाव आणि नामावली यांवरील हक्क, म्हणजे तिसऱ्या अर्थाचा खुलेपणा, त्यांच्या आवाक्याबाहेरच राहिला. सहभाग म्हणजे सत्ता नव्हे. पण सहभागाविना सत्तेला प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या संगणकशास्त्र व संगणक उपयोजनाच्या अभ्यासक्रमांत जावा अनेक वर्षांपासून शिकविली जाते. ती बहुधा सिद्ध वस्तू म्हणून शिकविली जाते : हे नियम, ही उदाहरणे, हे परीक्षेतील प्रश्न. हे नियम कोणी, कोणत्या वादातून व कोणत्या मताधिक्याने ठरविले, हे विद्यार्थ्याला कळत नाही. एखादा जाहीर मसुदा वर्गात वाचणे, त्यातील एक तरतूद प्रयोगशाळेत वापरून पाहणे आणि आढळलेली अडचण नोंदवून योग्य ठिकाणी पाठविणे, एवढे प्रात्यक्षिक कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे. त्यासाठी समितीतील आसनाची गरज नाही. लंडनमधील गटाने मसुद्यांचे जे वाचन केले, ते मूलतः वर्गातलेच काम होते. ते आपल्या वर्गांत का होऊ नये, याचा विचार आपण अध्यापकांनी करावयास हवा.