त्वचेची प्रतिमा आणि निदानाची गृहीतके : एक चिकित्सा

प्रस्तावना :
वर्षानुवर्षे ऊन सोसलेल्या त्वचेवर जे खरखरीत, कर्करोगपूर्व चट्टे उठतात त्यांस अ‍ॅक्टिनिक केराटोसिस म्हणतात. त्वचेचा तुकडा न काढता त्यांचे निदान करू पाहणाऱ्या प्रतिमातंत्रांचा आज गौरव होतो. सावळ्या त्वचेच्या समाजात तो कितपत सार्थ ठरतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
२००६ मध्ये आयरिस झालाउडेक व सहकाऱ्यांनी डर्मोस्कोपीतून दिसणाऱ्या चेहऱ्यावरील चट्ट्यांना स्ट्रॉबेरीची उपमा दिली : लालसर जाळी आणि केसांच्या छिद्रांभोवती पांढुरके वलय. ही उपमा गोऱ्या त्वचेवरून सुचलेली आहे. सावळ्या त्वचेत लाली रंगद्रव्याआड झाकली जाते. साहजिकच उपमेवर आधारलेला निकषही तेथे दुबळा पडतो.

याउलट, १९९५ मध्ये मिलिंद राजाध्यक्ष व सहकाऱ्यांनी जिवंत मानवी त्वचेच्या कॉन्फोकल मायक्रोस्कोपीविषयी जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात मेलॅनिनमुळेच प्रतिमेला उठाव येतो असे दाखवून दिले. म्हणजे रंगद्रव्य हा सर्वच तंत्रांचा अडथळा नव्हे. तथापि हे तंत्र पृष्ठभागाखाली सुमारे पाव मिलिमीटरच पाहू शकते आणि चट्टा जाड असल्यास प्रतिमा धूसर होते. रोग खोलवर शिरला आहे काय, याचा निर्णय अखेर बायोप्सीवरच सोपवावा लागतो.

दुसरे गृहीतक कारणाविषयी आहे. मेलॅनिनच्या संरक्षणामुळे आपल्याकडे हे चट्टे विरळा आढळतात. जन्मतः रंगद्रव्याचा अभाव असलेल्या व्यक्तींना मात्र त्यांचा मोठा धोका असतो. सावळ्या त्वचेत स्क्वॅमस पेशींचा कर्करोग पुष्कळदा भाजल्याच्या जुन्या व्रणांत किंवा दीर्घकाळ चिघळलेल्या जखमांत उद्भवतो. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळपायांवरील जखमाही त्यास अपवाद नाहीत. पनवेलजवळ नेरे येथे शांतिवनासारखी कुष्ठरुग्णांसाठी झटणारी संस्था उभी राहिली. अशा परिसरात केवळ उन्हाने रापलेला चेहरा न्याहाळणारे निदानशास्त्र अपुरेच म्हणावे लागेल.

निष्कर्ष :
सारांश, दोष यंत्राचा नसून त्यासोबत आयात होणाऱ्या निकषांचा आहे. सावळ्या त्वचेच्या प्रतिमा बायोप्सीच्या निष्कर्षांशी ताडून आपले निकष आपणच सिद्ध केले पाहिजेत. तोपर्यंत पडद्यावर काही दिसले नाही एवढ्यावरून रुग्णाला निर्धास्त करून घरी पाठवणे प्रस्तुत लेखकास सयुक्तिक वाटत नाही.