‘इमर्जन्स’, आविर्भाव आणि उन्मज्जन

‘इमर्जन्स’ या इंग्रजी शब्दाला सर्व विषयांत ‘उद्भव’ हा एकच मराठी प्रतिशब्द योजावा, अशी सूचना शिक्षकांच्या एका बैठकीत आमच्या कानी आली. सोयीच्या दृष्टीने ती ठीक असेल. परंतु अर्थाच्या दृष्टीने ती घातक आहे, असे आमचे नम्र मत आहे.

या शब्दामागील लॅटिन धातूचा अर्थ ‘बुडणे, बुडविणे’. संस्कृतातील ‘मज्ज्’ हा त्याचाच सगोत्र. तेव्हा ‘उन्मज्जन’, म्हणजे पाण्यातून वर येणे, हा त्याचा सख्खा भाऊच ठरतो. समुद्रातून वर आलेल्या किनाऱ्याविषयी भूगोलात तो निःशंकपणे वापरावा. मातीतून अंकुर वर आला, तर शेतकरी ‘उगवण’ म्हणतो; तेथे संस्कृताकडे धाव घेण्याचे कारणच नाही.

खरी अडचण तत्त्वज्ञानात आहे. 1875 साली जॉर्ज हेन्री ल्यूइस यांनी आणि पुढे 1923 साली लॉइड मॉर्गन यांनी हा शब्द योजला, तो घटकांत नसून त्यांच्या संयोगात दिसणाऱ्या गुणांसाठी. हायड्रोजन व ऑक्सिजन हे दोन वायू. त्यांपासून होणारे पाणी मात्र द्रव. यास कित्येक लेखक ‘आविर्भाव’ म्हणतात. परंतु आविर्भावात जे आधीच गुप्त असते तेच प्रकट होते. हा तर सांख्यांचा सत्कार्यवाद झाला, आणि ल्यूइस यांना सांगावयाचे आहे नेमके उलट! त्यांच्या जवळचा आमच्याकडे कोणी असेल तर तो चार्वाक; किण्वादिकांच्या मिश्रणातून मदशक्ती उपजावी तसे महाभूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते, असे म्हणणारा. शिवाय मराठीत ‘आविर्भाव’ उरला आहे तो विद्वत्तेचा आव आणणाऱ्यांपुरता, आणि ‘प्रादुर्भाव’ म्हटले की पटकी व देवी आठवतात. येथे ‘नवोद्भव’ हाच शब्द आम्हांस ग्राह्य वाटतो.

‘इमर्जन्सी’ ही त्याच कुळातली. अकस्मात जे वर येते ते. तिच्यासाठी ‘आणीबाणी’ हा उत्तम शब्द 1975 च्या कितीतरी आधीपासून आपल्यापाशी आहे.

वनस्पतिशास्त्रात मात्र आमचीच फजिती झाली. लिंबाचा काटा हे फांदीचे रूपांतर. गुलाबाचा काटा केवळ त्वचा व तिच्याखालील पेशीस्तर यांतून वाढतो, त्यात वाहिन्या नसतात. त्याला इंग्रजीत ‘इमर्जन्स’च म्हणतात. एका विद्यार्थ्याने त्याचे भाषांतर ‘गुलाबावरील आणीबाणी’ असे केले. वर्ग हसला, परंतु “मग योग्य शब्द कोणता, सर?” असे त्याने विचारताच आम्ही निरुत्तर झालो. तेव्हापासून आम्ही तेथे ‘सालकाटा’ म्हणतो.