भाकड की वांझ? हरिणीबद्दलचं लिखाण आणि सागरेश्वरचं कुंपण

(सुकापूर, पनवेल येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, विषय ऐकून दोघा-तिघांनी आधीच विचारलं, की हरणं मारायला आपल्याकडे बंदी आहे, मग कोणती मादी काढायची यावर बोलून उपयोग काय? प्रश्न बरोबर आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम 12 आहे. त्यात शास्त्रीय व्यवस्थापनासाठी परवानगीची सोय आहे, पण व्यवस्थापन म्हणजे काय हेही तिथेच सांगून ठेवलंय: एक तर प्राणी दुसऱ्या योग्य अधिवासात हलवणं, नाहीतर न मारता, विष न घालता संख्या आटोक्यात ठेवणं. म्हणजे ‘काढायची’ याचा आपल्याकडचा अर्थ ‘हलवायची’. पण कोणती, हा प्रश्न त्याने सुटत नाही. आमची तक्रार ही आहे की या प्रश्नावर लिहिणारे लोक हरिणीकडे बघतच नाहीत.

सुरुवात बॅम्बीपासून करू. डिस्नेचा चित्रपट 1942चा. पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीने मरते, आणि ती गोळी आपल्याला नुसती ऐकू येते. लगेच पुढच्या वर्षी, 1943 साली, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात बिनशिंगी हरणं, म्हणजे मुख्यतः माद्या आणि पाडसं, मारायला मोकळीक दिली गेली. हरणं फार झाली होती आणि हिवाळ्यात उपाशी मरत होती. त्या हंगामात सव्वा लाखाच्या वर हरणं मारली गेली आणि लोक खवळले. ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ असं त्याचं नावच पडलं. या निर्णयामागच्या मंडळींत आल्डो लिओपोल्ड होते. पुढे त्यांच्याविरुद्ध खास एक वर्तमानपत्र निघालं.

नर मारायला कोणाची हरकत नव्हती, हे लक्षात घ्या. हरकत मादीला होती. गणित मात्र उलटं आहे. एक नर अनेक माद्यांना पुरतो. निम्मे नर काढले तरी पुढच्या वर्षी पाडसं जवळजवळ तितकीच. कळप वाढायचा की थांबायचा हे माद्यांच्या संख्येवर ठरतं. बोकड विकून शेळ्या कमी होत नाहीत, हे आपल्याकडच्या कुठल्याही धनगराला सांगावं लागत नाही.

आता लिओपोल्डकडे. त्यांचं ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ त्यांच्या मृत्यूनंतर 1949 साली आलं. त्यात डोंगरासारखा विचार करण्यावरचा एक छोटा निबंध आहे. तरुणपणी त्यांनी एक लांडगी मारली, तिच्या डोळ्यांतलं काहीतरी विझताना पाहिलं, आणि पुढे लांडगे संपलेल्या डोंगरांवर हरणांनी झाडोरा कसा ओरबाडला तेही पाहिलं. निबंध थोर आहे, वाद नाही. पण आम्ही तो पुन्हा वाचला तेव्हा एक गोष्ट खटकली. त्यात जिचा शोक आहे ती मादी लांडगी आहे. हरणं फक्त जमाव म्हणून येतात: आधी भरमसाट, मग उपाशी, मग हाडं. बॅम्बीत जिचा शोक आहे ती हरिणी आई आहे. लिओपोल्डमध्ये ती मोजदादीत विरघळलेली. तिचं वय किती, कास भरलीय का, यंदा व्याली का, हे दोघांनाही नको आहे.

(त्याच काळातली कायबाब पठाराची गोष्टही पाठ्यपुस्तकांत गाजली. शिकारी प्राणी मारले आणि हरणं 4 हजारांवरून 1 लाखावर गेली म्हणे. 1970 साली ग्रॅम कॉघलींनी दाखवलं की ते आकडे भरवशाचे नाहीत. हरणांनी झाडांची नवी पिढी खाल्ली, एवढा गाभा नंतरच्या अभ्यासातही टिकला. जमाव मोजणारे जमावातही चुकतात, एवढ्यापुरतंच हे सांगितलं.)

मग हरिणीला एकेकटी कोणी पाहिलं? स्कॉटलंडच्या शिकारी नोकरांनी. तिथे मारलेलं जनावर कोठीत टांगतात, वजन करतात, जबडा बघून वय ठरवतात, कासेत दूध आहे का ते बघतात आणि वहीत मांडतात. या वह्या रूक्ष असतात, पण हरिणीबद्दलचं ते सर्वात प्रामाणिक लिखाण आहे असं आमचं मत आहे. त्यांच्या परंपरेत एक नियम: ज्या मादीमागे यंदा पाडस नाही ती आधी मारा. ऐकायला दयाळू वाटतो, कारण पाडस पोरकं होत नाही.

इथे आपली मराठी कामाला येते. अशा मादीला ‘वांझ’ म्हणायचं की ‘भाकड’? वांझ म्हणजे कधीच होणार नाही ती. भाकड म्हणजे सध्या दूध नाही, पुढे होईल ती. गोठ्यात हा फरक पोराटोरांना कळतो. रम बेटावर 1972पासून तांबड्या हरणांचा अभ्यास चालू आहे, आणि क्लटन-ब्रॉक, गिनेस व आल्बन यांचं पुस्तक 1982 साली आलं. तिथे एकेक मादी चेहऱ्याने ओळखून आयुष्यभर तिची नोंद ठेवली. त्यात दिसलं, की पाडस वाढवलेली मादी खंगते आणि पुढच्या वर्षी तिची व्यायची शक्यता कमी होते. रिकामी राहिलेली मात्र धष्टपुष्ट असते आणि पुढच्या वर्षी हमखास म्हणावी इतकी व्यायला तयार असते. म्हणजे वांझ समजून जी काढली ती भाकड होती. त्या एका वर्षापुरता नियम दयाळू, कळपाच्या दृष्टीने सगळ्यात चांगली मादी गेली. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की मुली आईच्याच टापूत राहतात. दाटी वाढली की नर पाडसं जास्त मरतात आणि कळपात माद्यांचं प्रमाण आणखी वाढतं. तुम्ही हात लावला नाहीत तरी निवड होतच असते.

आपल्याकडे या. सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्य जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर. उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या खटपटीने उभं राहिलेलं हे माणसाने केलेलं जंगल. 1985 साली अभयारण्य झालं. सांबर, चितळ, काळवीट तिथे आणून सोडलेले. भोवती कुंपण, कुंपणापलीकडे कृष्णाकाठचा ऊस. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. हरणं वाढली, शेतात उतरू लागली, शेतकरी वैतागला. त्यावर उपाय म्हणून चांदोलीकडे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, हरणं हलवायची वाट धरली गेली.

हलवण्याची पद्धत ‘बोमा’ची. नरसाळ्यासारखा आडोसा करून कळप हळूहळू आत वळवायचा आणि थेट गाडीत चढवायचा. हाताळणीच्या धक्क्यानेच हरणं मरतात, ते यात टळतं. पद्धत चांगली आहे. पण तिच्यात निवड नाही. जे आत आलं ते गेलं. बातमी येते ती एकूण आकड्याची. आम्ही त्यात ‘माद्या किती’ शोधत बसतो, आणि बहुधा तेवढंच छापलेलं नसतं. समजा गाडीत नर जास्त गेले, तर सागरेश्वरचा ऊस वाचला नाही आणि चांदोलीचा कळपही वाढला नाही.

बरं, स्कॉटलंडचा नियम उचलून आणू म्हटलं तर तेही जमत नाही. तिथे मादीच्या शिकारीचा हंगाम 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी, म्हणजे पाडसं थोडी मोठी झाल्यावर. आपलं चितळ वर्षभर वितं. कुठल्याही महिन्यात जा, कळपात एक गाभण, एक दुभती, एक भाकड सापडणारच.

मराठीत प्राण्याकडे असं कोरडेपणाने बघणारं लिखाण झालं नाही असं नाही. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ 1982चं. रमच्या पुस्तकाचंच साल, हा योगायोग. वानरांच्या टोळीत नवा नर आला की तान्ही पोरं मारतो, आणि माडगूळकर तिथे ना रडतात ना उपदेश करतात. माद्याही त्यात एकेकट्या दिसतात. हरिणीच्या वाट्याला अजून तसं पुस्तक आलेलं नाही. ती आमच्या लिखाणात डोळ्यांपुरतीच आहे.

शेवटी एकाने विचारलं, तुम्ही असता तर कोणती नेली असती? आम्ही आईपासून मुली तोडल्या नसत्या, पाडसांसकट सगळा गट नेला असता आणि अगदी पोटुशी दिसणारी मागे ठेवली असती. नर मोजकेच. मागे उरलेल्यांचं काय, हे त्यांनी विचारलं नाही, पण खरा प्रश्न तोच आहे. कुंपण तेवढंच आहे आणि चितळाची मादी दुसऱ्या वर्षातच गाभण राहू शकते. त्यामुळे पुढची गणती होईल तेव्हा नर, मादी, पाडस असे तीन रकाने वेगळे छापावेत, आणि गाडी निघाल्यावर तिच्यात कोण होतं तेही त्याच तीन रकान्यांत यावं, एवढंच आम्ही मागतो.