रिकाम्या कॅमेऱ्यासमोरचा मॅकबेथ

मूकपटांतल्या शेक्सपिअरचा विषय निघाला की एक किस्सा हमखास सांगितला जातो. साल १९१६, शेक्सपिअर जाऊन तीनशे वर्षं झालेली. हॉलिवूडमध्ये जॉन इमर्सन 'मॅकबेथ' चित्रित करतोय. नायक सर हर्बर्ट बीरबोम ट्री, लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरचे सर्वेसर्वा, वय ६३. आवाज कुठेच उमटणार नाही, तरी हे गृहस्थ प्रत्येक भाषण शेवटच्या शब्दापर्यंत म्हणतायत. रीळ वाया जायला लागलं, तेव्हा म्हणे फिल्म न भरलेला एक कॅमेरा आणला गेला. लांबलचक भाषणं त्याच्यासमोर, खरी फिल्म फक्त हालचालींपुरती.

किस्सा रंगवलेलाही असेल. पण तो सांगताना हसायचं असतं ते ट्रींना. मला मात्र वाटतं, बरोबर तेच होते. संवाद म्हणणाऱ्या नटाचं फक्त तोंड हलत नाही. श्वास, खांदे, मान, वाक्य संपताना सैल पडणारा हात, सगळं त्या वाक्यासोबत चालतं. संवाद छाटले की हे सगळंही जातं आणि उरतो चेहरे करणारा माणूस. (संगीत नाटकातली पदं गाळून फक्त आलाप घेतानाचे हातवारे दाखवावेत, तसं.) शब्दांची जागा पाट्यांनी घेतली. त्या लिहिल्या अनिता लूसनं, आणि तिचं नाव थेट शेक्सपिअरच्या नावाखाली झळकलं.

सिनेमा पडला. पुढे तो हरवलाही. आज त्याची एकही प्रत नाही. म्हणजे तिकीटबारीचा निकाल हाच शेवटचा निकाल ठरला. माझ्या कामात एखादा बग पुन्हा घडवून बघता येत नसेल, तर नेमकं काय चुकलं हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. इथे मात्र 'आवाजाशिवाय शेक्सपिअर कसा चालणार' हे कारण शंभर वर्षं बिनदिक्कत दिलं जातंय.

त्या कारणावर शंका घ्यायला माझ्याकडे एक आधार आहे. ट्रींनीच १८९९ मध्ये 'किंग जॉन'चे काही प्रसंग चित्रित करून घेतले होते. त्यातला विष चढलेल्या राजाच्या मृत्यूचा तुकडा उरलाय, जेमतेम मिनिटभराचा. फोनवर बघा. खुर्चीत बसलेला राजा तडफडतोय, बोलतोय, हात झाडतोय. अभिनय भडक आहे, नाही असं नाही. पण शब्द ऐकू येत नसूनही वेदना कुठून कुठे सरकतेय ते कळतं.

म्हणून हरवलेल्या 'मॅकबेथ'मध्ये मला युद्धं किंवा चेटकिणी बघायच्या नाहीत. मला बघायचाय कॉन्स्टन्स कोलियरच्या लेडी मॅकबेथचा झोपेत चालण्याचा प्रवेश. तिथे नाटकातही बाई स्वतःशीच पुटपुटते, आणि बघणाऱ्यांची नजर असते तिच्या हातांवर, नसलेलं रक्त धूत राहणाऱ्या. तिथे तरी कॅमेऱ्यात फिल्म भरलेली असणार.